जाळाची वेळ

सरांच्या पायमोज्यांत बारा महिने कुसळं असत. डोंगरावरच्या वाळक्या गवताचं ते टोकदार, शेपटीवालं बी कापडात रुतलं की तुम्ही-आम्ही पायरीवर बसतो आणि एकेक उपटून काढतो. सर काढत नसत. तसेच मोजे घालून कॉलेजात येत, तसेच बाजारात जात. सरांची बायको, आमच्या काकू, धुणं धुताना बोटं टोचून घेत आणि दर वेळी त्याच शब्दांत चिडत. सरांचं उत्तरही ठरलेलं असे.

"त्यांना कुठंतरी जायचं हाय. मी त्यांची यष्टी हाय. गाव आलं की उतरतील."

मी बीडला त्यांच्याच कॉलेजात मराठी शिकवायचो आणि त्यांच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. माझ्याकडे स्कूटर होती आणि सरांना सायकलसुद्धा धड येत नव्हती, त्यामुळे सुटीच्या दिवशी मी त्यांचा ड्रायव्हर. मी उमापूरकडचा, सपाट काळ्या रानातला. डोंगर मला दुरूनच बरा दिसतो आणि झाडांतलं मला ओ की ठो कळत नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "बेस झालं," ते म्हणाले, "मध्ये मध्ये बोलणार न्हाईस." आता सर जाऊन बरीच वर्षं झाली, आणि पळस फुललेला दिसला की मी अजूनही आपोआप स्कूटर हळू करतो.

त्यांचा विषय वनस्पतिशास्त्र. पण खरा विषय आग. कोरड्या मुलखातलं प्रत्येक झाड आगीच्या धाकात वाढलंय, असं ते म्हणत. पाऊस कसा पडतो ते शाळेत शिकवतात, पण आगीनं गवत कसं घडवलं हे कुणी सांगत नाही, याचा त्यांना मनापासून राग होता. वाऱ्यावर कुठून धुराचा वास आला की ते बोलायचे थांबत. एकदा परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षण करताना त्यांना तसा वास आला आणि ते सरळ गच्चीवर निघून गेले. खाली मुलांनी पोटभर कॉपी केली. प्राचार्यांनी खुलासा मागितला तेव्हा सरांनी लिहून दिलं की पाली गावाच्या बाजूला डोंगर पेटला होता आणि त्याची दिशा बघणं गरजेचं होतं.

घरात कायम भाजका वास. बहाव्याच्या, टाकळ्याच्या बिया ते पोळीच्या तव्यावर भाजत आणि कुंड्यांत लावत. एका कुंडीत कच्च्या, एकीत भाजलेल्या, एकीत नुसता धूर दिलेल्या. भाजलेल्या आधी उगवल्या की गल्लीतल्या लोकांना बोलावून दाखवत. लोक येत, कुंडीत बघत, काकूंच्या हातचा चहा पिऊन जात.

"भाऊ, तुमी तरी सांगा यांना," काकू मला म्हणायच्या. "भाकरीला बहाव्याचा वास लागतोय. पाव्हणं जेवायला यायला भेतेत."

वर्गात कुणी पुस्तकातलं उत्तर घडाघडा म्हटलं की सर शांतपणे विचारत, "कावून?" म्हणजे कशामुळे. पळसाची साल जाड. कावून? टाकळ्याचं बी टणक. कावून? मुलं त्यांना कावून सर म्हणत. प्राचार्यांनी एकदा प्रमाण भाषेत शिकवा म्हणून सुनावलं. सर म्हणाले, "प्रमाण भाषा पळसाला बी येत न्हाई, साहेब." त्याच प्राचार्यांचं शिस्तीवर भाषण चालू असताना सरांनी मोज्यातलं एक कुसळ काढून स्टाफरूमच्या टेबलावर ठेवलं आणि त्यावर बोटानं थुंकी लावली. कुसळाची शेपटी हलली. मग सावकाश, घड्याळाच्या काट्यासारखी गोल फिरायला लागली. आम्ही बाराही जण भाषण सोडून तिकडे बघत राहिलो. मोज्यातून सरांनी स्वतः काढलेलं तेवढंच एक कुसळ मी पाहिलं होतं, आणि तेही खिशात घालून त्यांनी परत डोंगरावर नेऊन सोडलं.

त्यांच्या मागे डोंगर चढताना मला जे ऐकावं लागलं, त्यातलं थोडं अजून आठवतं. कुसळ ओलं झालं की पीळ सोडतं, सुकलं की पुन्हा पीळ घेतं, आणि या पिळापिळीत बी स्वतःला मातीत पुरून घेतं. वरून जाळ निघून जातो, बोटभर खाली बी गार असतं. झाडाचा जीव शेंड्याला असतो, गवताचा बुडाला. म्हणून झाडाचं डोकं जळलं तर झाड अडतं, गवत अडत नाही. डोंगरावरचा तो वाकडा, कमरेएवढा पळस दिसतो ना, त्याचं लाकूड दोन वर्षांचं असेल, पण खालचं मूळ आपल्या आज्याच्या वयाचं. दर खेपेला जळतो आणि बुडातून येतो.

"वर दिसतं ते झाड न्हाई बे," ते धापा टाकत म्हणायचे. "वर दिसतो तो नुसता यंदाचा हिशेब."

आणि एक वाक्य ते इतक्यांदा म्हणायचे की मला त्याचा कंटाळा आला होता. गवताला जाळ मारत न्हाई, जाळाची वेळ मारती. मार्गशीर्षातली सकाळ असेल, दव पडलेलं असेल, तर जाळ गवतावरून रखडत जातो, खालची माती कोमटसुद्धा होत नाही. चैत्रातली दुपार असेल आणि खाली चार-पाच वर्षांचं वाळकं गवत साठलेलं असेल, तर तोच जाळ बुडखे भाजून काढतो. काडी तीच, डोंगर तोच. मी म्हणायचो, "सर, कळलं." ते म्हणायचे, "तुला कळून काय उपयोग? तुझ्याकडं डोंगर कुठं हाय?"

डोंगर सोसायटीकडे होता. पालीच्या पुढे, बिंदुसरा नदीच्या वरच्या अंगाला सरांचं गाव. गावामागचं कुरण निजामाच्या काळात एका जहागीरदाराचं होतं आणि गावाबाहेरच्या वस्तीतल्या बाया तिथं मजुरीवर गवत कापायला जात. सरांची आई त्यांत होती. सर लहान असतानाच वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला, सर शिकले, नोकरीला लागले, आणि दरम्यान कुरण गावाच्या गवत सोसायटीकडे आलं. आई त्या सोसायटीची सभासद झाली आणि तिच्यामागे सर झाले. याचा त्यांना वनस्पतिशास्त्राच्या पदवीपेक्षा जास्त अभिमान होता.

आईची एक गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, डोंगरावर भाकरी खाताना. जहागीरदाराची माणसं दरवर्षी कुरण जाळत. जाळ होऊन गेला की पंधरा-वीस दिवसांत, पावसाच्या कितीतरी आधी, राखेतून एक बुटकं झाड यायचं. पान नाही, नुसती जांभळट फुलं, जमिनीला धरून. त्याला नाव नव्हतं. बाया 'राखंतलं' म्हणायच्या. आईनं एकदा ते केसात खोवलं होतं.

"आईनं फूल माळलेलं म्या तेवढंच एकदा बघितलं," सर म्हणाले आणि कांदा फोडला.

सोसायटीनं कुरण घेतल्यावर पहिला नियम केला तो काडीबंदीचा. जाळ बंद झाला आणि राखंतलं यायचं बंद झालं. सर पुढे शिकले, डोंगर पालथे घातले, पुस्तकं चाळली, पण ते झाड त्यांना कुठे भेटलं नाही. ते कोण, कुठल्या कुळातलं, हे ठरवायला फूल आणि बी हातात हवं. त्यांची खात्री होती की त्याचा गड्डा खाली जिवंत आहे आणि जाळाची वाट बघतोय. माणूस आयुष्यात कशाची वाट बघेल याचा काही नेम नाही. सर याची बघत होते.

तरीही गावकऱ्यांना ते काडीबंदी उठवा म्हणाले नाहीत. त्यांची मागणी अगदी साधी होती. कापलेल्या गवताच्या सगळ्या गंजी सोसायटी डोंगराच्या माथ्यावर एकाच जागी रचत असे. गावात कुणाच्या खळ्यात ठेवल्या असत्या तर बाकीच्यांना झोप लागली नसती. माथ्यावर असल्या की प्रत्येकाला आपापल्या दारातून दिसत. विश्वास नसलेल्या माणसांनी मिळून चालवलेली संस्था म्हणजे सहकार, असं सर हसून म्हणायचे. पण त्या गंजींच्या चहूबाजूंनी उतारावर कापता न येणारं, वर्षानुवर्षं साठलेलं गवत होतं. सरांचं म्हणणं एवढंच, की थंडीत, दव असताना, गंजींभोवती एक पट्टा जाळून मोकळा करा. म्हणजे उन्हाळ्यात खालून आग आली तरी माथ्यावर चढणार नाही.

त्या वर्षी पाऊस दोन नक्षत्रांत आटोपला. बिंदुसरेवरच्या धरणाच्या तळाशी भेगा पडल्या. गावातली जवळजवळ सगळी माणसं दसरा झाल्यावर बैलगाड्यांसकट ऊसतोडीला गेली, आणि त्या गंजी म्हणजे परत येणाऱ्या बैलांचा पावसापर्यंतचा सगळा चारा होता. दुसरीकडे कुठेच काही नव्हतं. मार्गशीर्षात सर चेअरमनकडे गेले. मी होतो बरोबर.

चेअरमन माणूस वाईट नव्हता. भित्रा होता. "सर, तुमचं पटतंय मला. पण काडीबंदी सर्वसाधारण सभेनं केलेली हाय, सभाच उठवील. सभेला माणसं कुठायत? निम्मा गाव कारखान्यावर हाय. उद्या वारं फिरलं, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"माणसं परत येस्तोवर थंडी सरतीय," सर म्हणाले.

"ते खरं हाय. पण कोरम न्हाई."

सरांनी मग मला स्कूटर माजलगावला न्यायला लावली. तिकडच्या उसात गावच्या दोन टोळ्या होत्या. पाचटात उभं राहून सरांनी सगळ्यांना समजावलं, सगळे हो म्हणाले, एकानं कोयता ठेवून त्यांच्या पायाला हात लावला. सर आनंदात परतले. चेअरमननं ऐकून घेतलं आणि सांगितलं की सभा सोसायटीच्या कार्यालयातच व्हावी लागते. उसाच्या फडातली सभा सभा नव्हे. थंडी गेली.

पाडव्याच्या आगंमागं टोळ्या परतल्या. ऊस ओढून खांद सोलवटलेले बैल, बरगड्या मोजून घ्या अशा. त्याच आठवड्यात पलीकडचा डोंगर पेटला आणि गाव घाबरलं. चेअरमननं सभा बोलावली. आता कोरमच काय, माणसं खिडकीत बसली होती. गंजींभोवती जाळपट्टा काढावा, हा ठराव एकमतानं मंजूर झाला. त्याला सगळ्यांनी कौतुकानं 'सरांचा ठराव' म्हटलं.

सर उभे राहिले. "आता नगा करू," ते म्हणाले. "वेळ गेली. आता काडी लावायची न्हाई. लावायचंच न्हाई काही. राखण बसवा."

सभा हसली. "सर, चार म्हैनं तुमीच मागं लागलेलता," मागून कुणीतरी म्हणालं. "आता गाव ऐकायलंय तर तुमीच न्हाई म्हंता?"

सरांनी परत पहिल्यापासून सांगितलं. दव, माती, वारा, बुडखे. ते इतकं बारकाईनं सांगत गेले की लोकांना वाटलं, मास्तर नुसता वर्गात बोलल्यासारखं बोलतोय. ठराव झाला होता. ठरावाला दिवसही नेमला गेला. सर म्हणाले निदान पहाटे करा. ठरलंही पहाटेचं, पण चेअरमनला तालुक्याहून यायला उशीर झाला, आणि त्यांच्याशिवाय सुरू करणं कुणालाच बरं दिसेना. काडी लागली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

मी तिथं होतो. सुरुवातीला सगळं ठीक चाललं होतं, बाया-माणसं ओली पोती घेऊन ओळीनं उभी होती. मग उतारावरून एक वावटळ आली. चैत्रात अशा रोज येतात, पोरं त्यांच्यामागे धावतात. ती पेटत्या पट्ट्यावरून गेली, जळतं गवत तिनं वर उचललं आणि गंजींवर नेऊन टाकलं. पहिली गंजी पेटली. सर पोतं घेऊन धावले. त्यांना दोघांनी धरून मागं ओढलं तेव्हा त्यांच्या भुवया जळाल्या होत्या. संध्याकाळपर्यंत माथा आणि सगळा उतार काळा झाला. माणूस कुणी दगावला नाही, तेवढं एक.

पुढचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. अर्धं वर्ष ज्यांनी ऊस ओढला ते बैल बाजाराला निघाले आणि सगळे एकदमच निघाल्यामुळे मिळेल त्या भावानं गेले. सोसायटीची पुन्हा सभा झाली. 'सरांचा ठराव' हे शब्द आता वेगळ्याच तोंडानं उच्चारले जात होते. जाळाचं वेड याला, यानंच गावाच्या डोक्यात भरवलं, असं बोललं गेलं. मग बोलणं सरांवरून त्यांच्या वस्तीवर गेलं, वस्तीवरून त्यांच्या आईवर. ते मी इथं लिहीत नाही. मी सभासद नव्हतो, दारात उभा होतो. ओरडून काय ते सांगावं असं वाटलं, तर सरांनी तिथूनच हातानं गप्प राहा म्हणून खुणावलं. परत येताना मी त्यांच्यावरच चिडलो. एक शब्द तरी बोलायचा होता.

"उपाय माझाच होता बे," ते मागच्या सीटवरून म्हणाले. "वेळ त्यांची होती. बैलाला त्यात काय फरक हाय?"

तरी वैशाखात एके सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. जळक्या डोंगरावर जायचं होतं. आम्ही गावाला वळसा घालून मागच्या बाजूनं चढलो. चोरासारखे. राख पायाखाली भुसभुशीत होती. बरेचसे बुडखे खरंच मेले होते, सर वाकून वाकून बघत होते. जिथं गवत विरळ होतं त्या एका खडकाळ सोंडेवर ते थांबले. मी पुढे जाऊन बघितलं.

राखेत जमिनीला धरून जांभळट फुलांचे पाच-सहा झुबके होते. पान एकही नाही. पाऊस नाही, ओल नाही, आणि ते आपले फुललेले.

सर खाली बसले. ते रडत होते, आणि त्यांना ते लपवताही येत नव्हतं. मी म्हणालो, "एक उपटून घ्या, सर." पिशवीत रद्दी आणि फळ्या होत्या, झाड दाबून सुकवायच्या. ते न्हाई म्हणाले. एवढेच तर आहेत. बी धरू दे, मग घेऊ. मग खालच्या गावाकडे बघून म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. गाव रडतंय आणि मास्तर फुलं बघतोय, असं व्हायचं." उतरताना मी त्यांचा चेहरा बघितला. आनंद झालाय आणि त्याची लाज वाटतेय, असा चेहरा मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

बी धरायची वेळ झाली असेल असा हिशेब करून आम्ही परत गेलो. सोंडेवर शेळ्या होत्या. गावातली धनगराची म्हातारी, सगळे तिला मावशी म्हणत, काठी टेकून उभी होती. तिच्या शेळ्यांची पोटं पाठीला लागलेली. तीन झुबके तर गेलेच होते. चौथ्यात एका शेळीचं तोंड होतं.

मावशीनं सरांना ओळखलं. सगळ्या गावात तेवढी एकच बाई असेल जिनं त्यांना राग न धरता विचारलं, "सर, तुमी हिकडं? हाकलू का शेरडं? तुमचं काही हाय का हितं?"

पिशवी सरांच्या काखेत होती. एक शब्द पुरला असता. दोन झुबके अजून शिल्लक होते. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, आणि ते त्या शेळीच्या बरगड्यांकडे बघत होते.

"न्हाई," सर म्हणाले. "खाऊ द्या, मावशी."

"काय हाय पण हे? लई आवडीनं खायल्यात."

"काही न्हाई. गवतच हाय."

शेवटचा झुबका संपेपर्यंत ते उभे राहिले. मी नंतर म्हणालो, गड्डा तर खाली आहे ना, तुम्हीच सांगता. ते हो म्हणाले. पण आता त्या गावात पुन्हा कोण काडी लावणार होतं? आणि तो प्रश्नही फार दिवस उरला नाही. त्याच उन्हाळ्यात दुष्काळी कामं निघाली आणि त्या सोंडेवर पाणी अडवायला खोल चर खणले गेले.

त्या दिवशी घरी आल्यावर सर ओसरीच्या पायरीवर बसले. बूट काढले, मोजे काढले, मांडीवर पसरले आणि एकेक कुसळ उपटून शेजारी ठेवायला लागले. घाई नव्हती. काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. मग त्या त्यांच्याजवळ बसल्या आणि त्यांच्या हातातला मोजा धरला.

"राहू द्या की," त्या म्हणाल्या. "मी कुठं काय म्हणायले."

सरांनी मोजा सोडवून घेतला आणि पुढचं कुसळ काढलं.